मनोऱ्यावरचा पिंपळ

उर्सुला पाचूबंदरची. वसईच्या किल्ल्यातून जायला ती घाबरायची, आणि तरीही रोज जायची. दुसरा रस्ताच नव्हता. पाचूबंदर किल्ल्याच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी. बाजार किल्ल्याच्या अलीकडे. सकाळी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन जाताना आणि दुपारी रिकामी पाटी घेऊन येताना तिला पोर्तुगीजांच्या पडक्या तटांमधून, छप्पर गेलेल्या चर्चांच्या भिंतींखालून जावंच लागे.

बाजारात तिला कोणी भित्री म्हटलं नसतं. एखादं गिऱ्हाईक पापलेटचे कल्ले उघडून फार वेळ वास घेत बसलं, तर ती म्हणे, "लगीन लावायचा हाय काय त्याच्यासंगती?" पण किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरली की तिचं तोंड बंद. पदर दातांत धरायचा, नजर स्वतःच्या पायाच्या अंगठ्यावर ठेवायची आणि चालायचं. वाटेत एका पडक्या चर्चचा मनोरा लागे. त्याच्याखालून जाताना ती श्वास रोखून धरी. तेवीस पावलं. तेवीस झाली की श्वास सोडायचा.

तिच्यासोबत धोंडूबाई असे. तीही कोळीणच, हिंदू वाड्यातली, उर्सुलाहून दहा वर्षांनी मोठी. ती मुद्दाम मनोऱ्याखाली आल्यावर विचारायची, "उर्सुले, आज सुरमई किती गेली गं?" उर्सुला गाल फुगवून, डोळे मोठे करून तशीच पुढे. चोविसाव्या पावलाला मग शिव्या.

ही भीती तिच्या सासूने घातली होती. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती बैलगाडीतून किल्ल्यात शिरली, तेव्हा मनोऱ्याच्या माथ्यावरचा पिंपळ पाहून तिने सहज म्हटलं होतं, केवढा मोठा झाड. सासूने तिची मान खाली दाबली. म्हणाली, "वर बगू नको. तिकडं माती नाय. मातीबिगर झाड वाढतंय, तं तो पितो काय?"

तेव्हापासून एकोणतीस वर्षं उर्सुलाने वर पाहिलं नव्हतं.

मी हे सगळं नंतर ऐकलं. १९५४ च्या डिसेंबरात मी सरकारी ओव्हरसियर म्हणून त्या किल्ल्यात कामाला लागलो, तेव्हा मला फक्त तो मनोरा दिसत होता आणि त्याला गेलेली भेग. आगाशीहून सायकलने यायचो. हातात नवा डिप्लोमा, सोबत टेप, ओळंबा आणि वही. पिंपळाची मुळं दगडांच्या सांध्यांत शिरून भिंत फोडत होती. मी भेगेवर ठिकठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या सिमेंटने चिकटवल्या. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते, आणि भिंत जिवंत आहे की शांत ते कळतं. झाडाची उंची मोजली, माथ्यापासून सतरा फूट. अहवाल लिहिला: झाड तोडावे.

तोडण्याआधी गावाला विचारायचं असा नियम होता. झाडाची कोणी पूजा करतं का, कोणाची हरकत आहे का. मी पाचूबंदरला गेलो तर गावात पुरुष नव्हते. होड्या चार दिवसांच्या खेपेला गेल्या होत्या. किनाऱ्यावर बाया बांबूंवर बोंबील वाळत घालत होत्या. मी विचारलं. सगळ्यांनी उर्सुलाकडे पाहिलं, कारण तिचा नवरा प्लासिड हा गावातला मोठा तांडेल. म्हणजे होडी हाकणारा म्होरक्या; बाकीच्या होड्या त्याच्या मागून चालायच्या.

"कुठला झाड?" तिने विचारलं.

"मनोऱ्यावरचा पिंपळ."

तिने हातातले बोंबील खाली ठेवले. "सायब, तो तोडनार? खरंच?"

"गावाची हरकत नसेल तर."

"हरकत कसली? आजच तोडा. मुळासकट तोडा."

धोंडूबाई म्हणाली, "बाप्ये येईस्तोवर थांबा. इचारून बगू."

"बाप्ये मनोऱ्याखालून कदी जातात? ते जातात पान्यातून. डोईवर पाटी घेऊन आपन जातो," उर्सुला म्हणाली. "त्यांना काय करायचा हाय झाड?"

बाया हसल्या. मजूर मला तीनच दिवस मिळाले होते, म्हणून मलाही थांबायचं नव्हतं. मी वहीत लिहिलं: ग्रामस्थांची हरकत नाही. उर्सुलाचा सासरा रुडॉल्फबाबा, जुना तांडेल, आता मोतीबिंदूने जवळपास आंधळा, तापाने घरात निजून होता. त्याला विचारावं हे कोणाच्या मनातही आलं नाही.

दोन दिवसांत पिंपळ उतरला. तिसऱ्या दिवशी उर्सुला किल्ल्यातून मान वर करून गेली. मी मनोऱ्यापाशीच होतो. ती थांबली, पाटी सावरली आणि उघड्या माथ्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. "येवढासाच हाय काय तो," म्हणाली. जाताना तिने बकरीसाठी पिंपळाच्या डहाळ्यांचा भारा बांधून नेला. त्या दिवशी तिने तेवीस पावलं मोजली नाहीत, असं धोंडूबाईने मला सांगितलं. उलट सगळ्या किल्ल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सुरमईचा भाव सांगत गेली.

चौथ्या दिवशी होड्या यायच्या होत्या. मजूर सकाळीच शिड्या घेऊन निघून गेले. दुपारी चारच्या सुमारास मी उर्सुलाच्या दारात उभा होतो. तोडलेली लाकडं चुलीसाठी हवी असतील तर घेऊन जा, एवढंच सांगायला. रुडॉल्फबाबाचा ताप उतरला होता. तो ओट्यावर खाटेवर बसला होता. खाटेला बांधलेली बकरी कचाकचा पानं खात होती. म्हाताऱ्याने हात लांब केला, बकरीच्या तोंडातलं एक पान ओढून घेतलं आणि बोटांनी चाचपलं. पानाचं लांब टोक त्याने दोनदा चिमटीत धरून पाहिलं.

"पिपल," तो म्हणाला. "आपल्या बंदरावर पिपल नाय. कुठनं आनला?"

"मनोऱ्यावरचा," उर्सुला आतून म्हणाली. "तोडला तो. सायबांनी."

म्हाताऱ्याने पान पुन्हा चाचपलं. मला वाटलं, त्याला ऐकू आलं नाही. मग त्याने विचारलं, "आज तिथी काय?"

"अष्टमी."

"भांग," तो म्हणाला. उधाणाच्या उलट ती भांगाची भरती. पाणी पुरतं चढतच नाही. त्याने पान खाली टाकलं. "पानी नाय आज. खडप वर असनार. उर्सुले, तो झाड कोनी तोडाया सांगितला?"

ती दारात आली. तेवढ्यानेच म्हाताऱ्याला कळलं असावं.

कोळ्यांत एक रीत आहे. समुद्रावरून खाडीत शिरायची वाट दिसत नाही. पाण्याखाली दोन्ही बाजूंना खडप, म्हणजे खडक असतात आणि मधून अरुंद खोल पट्टा. तांडेल किनाऱ्यावरच्या दोन वस्तू धरतो, एक पुढची, एक मागची. त्या एकावर एक दिसल्या की होडी बरोबर वाटेवर. ही निशाणी बाप मुलाला सांगतो, तीही होडीत बसून. जमिनीवर सांगायची नाही, आणि बाईला तर नाहीच. सांगितली तर मासा त्या पाण्यात राहत नाही, असं मानतात. त्यामुळे एकोणतीस वर्षं प्लासिडच्या घरात राहून उर्सुलाला ती माहीत नव्हती. मी दुर्बिणीतून दोन खांब एका रेषेत धरायला कॉलेजात शिकलो होतो. पण हेच काम कोणी पिंपळावरून करत असेल, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

रुडॉल्फबाबाने ती रीत तिथेच, जमिनीवर मोडली. "म्होरं बंदरावरचा क्रूस. मागं मनोऱ्यावरचा झाड. क्रुसावर झाड बसला का आत घुसायचा. माज्या बापानं मना दावला, मी प्लासिडला."

"झाड नाय दिसला तं ते थांबतील," उर्सुला म्हणाली. "बाहेरच थांबतील ना, बाबा?"

"प्लासिड थांबनार नाय. चार दीस घराबाहेर हाय, वारा मागून हाय. तो झाड शोदनार." म्हाताऱ्याने मान हलवली. "आनि झाड मिळनार त्याला. बुरुजावर वड हाय. उन्हं उतरली का लांबनं सगळी झाडा सारकी. तो वड क्रुसावर धरला का होडी सरळ खडपावर."

प्लासिडच्या होडीत त्याच्यासकट सात माणसं होती. त्यांत उर्सुलाचा एकुलता एक मुलगा लॉरेन्स. मागून आणखी दोन होड्या. किनाऱ्यावर उरलेली एकच होडी डांबर लावायला उलटी घातलेली होती आणि ती पाण्यात ढकलायला माणसं नव्हती.

"कधी येतील?" मी विचारलं.

"सूर्य बुडायच्या आदी. भरतीसंगती."

दोन तासही नव्हते.

उर्सुला खाली बसली. तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. मला वाटलं, आता ही रडणार. पण हात काढून ती मला म्हणाली, "सायब, झाड परत लावायचा."

बोंबील वाळवायच्या बांबूंतला सर्वांत उंच बांबू आम्ही उपटला. मी टेपने मोजला. सतरा फुटांहून जास्त भरला. धोंडूबाईने दोर घेतले, दुसऱ्या बायांनी उलट्या होडीखालची लांब फळी. आम्ही किल्ल्यात धावत गेलो. मनोऱ्याखाली फांद्या पडल्या होत्या, पानं मलूल झालेली पण अजून काळपट हिरवी. वर त्या बांबूला बांधायच्या आणि बांबू पिंपळाच्या बुंध्याला, जिथे झाड होतं अगदी तिथेच. हातभर इकडे तिकडे झालं तरी समुद्रावर त्याचा फरक मोठा पडतो, हे मी सांगितलं.

जिना मनोऱ्याच्या आतून वळत वर जात होता. खालच्या सहा पायऱ्या ढासळलेल्या. तिथे फळी टेकवली. वर दोन माणसं हवी होती, एक मी. दोर आवळायचं, गाठी मारायचं काम माझ्याने होणार नव्हतं.

"मी जाते," धोंडूबाई म्हणाली. "तू खाली ऱ्हा."

"तुजे गुडगे कुठं चालतात?" उर्सुला म्हणाली. तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला, गळ्यातली माळ तोंडात धरली आणि फळीवर पाय ठेवला. मग थांबली. पूर्ण थांबली. पाय फळीवर, हात भिंतीवर. तिच्या पोटऱ्या थडथडत होत्या ते मला दिसत होतं.

"पुढं तुमी व्हा," ती म्हणाली.

मी पुढे झालो. आत अंधार, वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली त्यांची विष्ठा. पहिल्या वळणालाच वटवाघळं उठली. शेकडो. कानावरून, केसांवरून. उर्सुलाने किंकाळी फोडली नाही. माझ्या सदऱ्याची मागची बाजू मुठीत धरली आणि सोडली नाही. मी तोंडाने पायऱ्या मोजायला लागलो.

"काय मोजता?" तिने विचारलं.

"पायऱ्या."

"किती झाल्या?"

"एकोणीस."

"मोठ्यानं मोजा."

एकतिसाव्या पायरीवर एक झरोका होता. तिथे भिंतीला भेग होती आणि भेगेवर माझी एक काच. मी तिच्याकडे पाहिलं. काच मधोमध तडकली होती.

काल संध्याकाळी ती अखंड होती. मुळं तोडल्या-फोडल्याने भिंत हलायला लागली होती. याचा अर्थ मला ठाऊक होता, तिला नव्हता. ती भुताला घाबरत होती, मी दगडाला. खाली उतरावं, हे मनात आलं. खरं सांगायचं तर अगदी स्पष्ट आलं. ती माझ्या सदऱ्याला हिसका देऊन म्हणाली, "थांबला कशाला? मोजा."

"बत्तीस," मी म्हणालो.

माथ्यावर आलो तेव्हा उजेडाने डोळे दिपले. भिंतीची रुंदी तीन फूट, कठडा नाही. एका कोपऱ्यात पिंपळाचा ताजा बुंधा, पांढरा, चिकट. उर्सुला चार पायांवर रांगत तिथवर गेली. तिने त्याला हात लावायच्या आधी क्रुसाची खूण केली. मग दोर खाली सोडला.

बांबू वर ओढताना एकदा तो भिंतीला अडकला आणि तिने माझ्याहून जास्त जोर लावला. फांद्यांचे भारे आले. तिने गुडघ्यांखाली बांबू दाबून एकेक फांदी बांधली. होडीवर जशा मारतात तशा गाठी, ओल्या दोराने. मी टेप धरून सतरा फुटांवर माथा येईल असं सांगत होतो. तिची एकही गाठ सुटत नव्हती. मधेच ती म्हणाली, "पिंपळा, मी सांगितला होता तोडाया. माज्यावर राग धर. पोरावर नको." ती हे माझ्याशी बोलत नव्हती.

मग तिने वर पाहिलं आणि पहिल्यांदा समुद्र पाहिला. म्हणजे उंचावरून. खाली बंदर, बंदरावरचा पांढरा क्रूस काडीएवढा, त्यापुढे पिवळसर पाणी, आणि पाण्यात ठिकठिकाणी फेस. फेसाच्या मागे तीन शिडं.

"ती बगा," ती कुजबुजली. "पयली आमची. शीड पुढं ठिगळलेला हाय."

पहिलं शीड सरळ येत होतं, पण क्रुसाच्या रेषेत नव्हतं. डावीकडे कलत होतं. मी मागे वळून पाहिलं. आमच्या बाजूच्या बुरुजावर वड, उतरत्या उन्हात अगदी पिंपळासारखा. रुडॉल्फबाबा म्हणाला होता तसंच चाललं होतं.

आम्ही बांबू उभा केला. तिने बुंध्याला दोर गुंडाळला, मी खालून टेकू दिला. वाऱ्याने फांद्या भरल्या, सगळं झाड डोललं आणि पायाखालच्या भिंतीतून एक बारीक करकर ऐकू आली. मला वाटलं, संपलं. दोर ढिला होऊन बांबू कलला. उर्सुलाने बांबूला दोन्ही हातांनी मिठी मारली, गाल त्याला लावला, पाय बुंध्याच्या खोबणीत रोवले आणि तशीच उभी राहिली. डोळे गच्च मिटलेले.

"सायब, काय दिसतंय?"

"अजून तिकडेच जातेय."

"आता?"

"तशीच."

फेसापासून होडी फार लांब नव्हती. उर्सुला मोठ्याने आकडे मोजायला लागली, पायऱ्या नव्हत्या तरी. अकराला शीड लटपटलं. तेराला ते फडफडून सैल पडलं, होडी जागच्या जागी फिरली. प्लासिड दोन झाडं पाहत असावा. एक त्याच्या बापाने दाखवलेलं, एक बुरुजावरचं. सोळा, सतरा. मग शीड पुन्हा भरलं आणि होडी उजवीकडे आली. क्रूस आणि होडी एका रेषेत. आमच्या रेषेत.

"आली," मी म्हणालो. "वाटेवर आली."

"डोले उगडू?"

"उघडा."

"नको," ती म्हणाली. "तिनी होड्या येऊ देत. मग."

तिसरी होडी आत येईपर्यंत तिने बांबू सोडला नाही. दोर मी जसा जमेल तसा आवळला. तिच्या हातांना पिंपळाचा चीक लागला होता आणि गालावर बांबूची रेघ उठली होती. उतरताना ती पुढे होती, आणि पायऱ्या तिनेच मोजल्या. एकतिसाव्या पायरीवर तिने काचेवर बोट ठेवलं. "ही काच फुटली हाय."

"हो."

"वर जातानाच फुटली व्हती?"

"हो."

तिने बोट काचेवरून काढलं. "बरं झाला नाय सांगितला," म्हणाली आणि पुढचा आकडा मोजला.

बंदरावर प्लासिड गुडघाभर पाण्यात उभा राहून होडी ओढत होता. त्याला काही माहीत नव्हतं. बायकोला पाहून म्हणाला, "पिपल आज बारीक दिसला. पानगळ लागली काय?" उर्सुलाने लॉरेन्सच्या दंडाला हात लावून पाहिला, मग नवऱ्याच्या, आणि वाळूत बसली. धोंडूबाईने त्याला सगळं सांगितलं. तो ऐकताना हसला, मग हसणं थांबलं आणि तो मनोऱ्याकडे पाहत राहिला.

"आनखी कुठली झाडा हायत?" उर्सुलाने खालूनच विचारलं.

"कसली?"

"निशानीची. सगळी सांग."

"बाईला सांगत नाय," प्लासिड म्हणाला.

ओट्यावरून रुडॉल्फबाबा ओरडला, "सांग तिला. एक तिनं तोडला, बाकीचे तरी ऱ्हाऊ देत."

प्लासिडने सांगितली. पाच निघाली. एक चिंच, एक पडकी कमान, वसईतल्या एका बंगल्याचं धुराडं, आणखी दोन. तिने प्रत्येकीला एकेक बोट दुमडलं.

मी दुसरा अहवाल लिहिला. त्यात माझी चूक लिहिली आणि मनोऱ्यावर लोखंडी खांब उभारावा असं सुचवलं. मंजुरीला अडीच महिने लागले. तोवर दर आठवड्याला फांद्या सुकायच्या, आणि सुकलं झाड लांबून दिसत नाही. लॉरेन्स म्हणाला, मी चढतो. उर्सुलाने ऐकलं नाही. माझ्या गाठी मीच बदलणार, म्हणाली.

दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की ती येई. मी आधी एकटा चढून नव्या काचा पाहून येत असे. त्या दिवसानंतर एकही तडकली नाही, पण ते रोज पाहिल्याशिवाय मला झोप लागत नसे. माथ्यावर पुन्हा झाड आलं, तशी मनोऱ्याखालून बाजारात जाताना तिची नजर पुन्हा अंगठ्यावर गेली होती, श्वासही ती पुन्हा धरू लागली होती. धोंडूबाईचा सुरमईचा प्रश्नही परत आला.

फळीवर पाय ठेवला की तिच्या पोटऱ्या पहिल्यासारख्याच थडथडायच्या. खांद्यावर बाजाराकडून आणलेल्या पिंपळाच्या ताज्या फांद्या, तोंडात माळ. ती बाजूला होऊन मला वाट करून द्यायची.

"पुढं तुमी व्हा," म्हणायची. "असला कोनी वर, तं सरकारी मानसाला पयला धरू दे."